लावा परततो, पेंटेड लेडीची पणतवंडे परततात

पेंटेड लेडी हे फुलपाखरू आणि लावा हा माणसे ज्याची शिकार करतात तो पक्षी, या दोघांची नावे मी नेहमी एका दमात का घेतो, असे मला वारंवार विचारले जाते. तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. दोघांचीही ये-जा आफ्रिका आणि युरोप यांच्यात, सहारा ओलांडून चालते. मात्र ‘परतणे’ हे क्रियापद खऱ्या अर्थाने लाव्यालाच लागू पडते.

पायाखालच्या गवतातून लावा भर्रकन उठतो, जमिनीलगत थोडेसे अंतर कापतो आणि पुन्हा गवतात दडी मारतो. ते पाहून जेमतेम शंभर ग्रॅमचा, आखूड शेपटीचा हा गुबगुबीत पक्षी भूमध्य समुद्र पार करत असेल, यावर विश्वास बसत नाही. अंगात साठवलेल्या चरबीच्या बळावर तो रात्री प्रवास करतो, आणि जगला-वाचला तर पुढच्या वसंतात तोच पक्षी पुन्हा उत्तरेला निघतो.

पेंटेड लेडीचे वजन एक ग्रॅमही भरत नाही. केशरी खवले झडून विटलेल्या, कडा फाटलेल्या पंखांनी ती थिसलच्या काटेरी पानांवर एकेक अंडे घालत जाते आणि काही आठवड्यांत मरते. पुढचा टप्पा तिची संतती गाठते. जाऊन-येऊन १२,००० ते १४,००० किलोमीटरचा हा फेरा पुरा व्हायला दहापर्यंत पिढ्या लागतात, म्हणजे शरदात दक्षिणेकडे निघालेल्या फुलपाखराने आफ्रिका कधी पाहिलेलीच नसते. मला या दोघांतले हेच अधिक विलक्षण वाटते. उत्तर युरोपातली ही फुलपाखरे थंडीने तिथेच मरत असावीत, असे पुष्कळ काळ मानले जाई. २००९ साली ती प्रचंड संख्येने आली, तेव्हा रडारच्या नोंदींवरून कळले की परतीला ती नजरेच्या टप्प्यापलीकडे, सरासरी ५०० मीटरहून अधिक उंचीवरून जातात.

अर्थात, स्वतः परतणारा लावा आणि पिढ्यांनी परतणारे फुलपाखरू यांतली सीमारेषा तितकीशी काटेकोर नाही, कारण उत्तर आफ्रिकेत लवकर जन्मलेली लाव्याची पिल्लेही त्याच उन्हाळ्यात उत्तरेला जाऊन वीण घालू शकतात.

तरीही रक्षणाचा प्रश्न आला की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. युरोपीय समुदायाच्या १९७९ च्या पक्षी निर्देशाने, म्हणजे पक्षीरक्षणाच्या कायद्याने, विणीच्या जागेकडे परतणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला मनाई केली, आणि लाव्याला त्याचा आधार आहे. फुलपाखराला असा बंदीचा हंगाम उपयोगाचा नाही. त्याच्या प्रत्येक पिढीला ती जिथे उतरेल तिथे अळ्यांच्या खाद्यासाठी थिसल किंवा मॅलो ही रानझाडे उभी लागतात, आणि शेताच्या कडेने तण म्हणून आधी कापली जातात ती हीच झाडे.