पुरुषांच्या तपासण्या : रिपोर्ट बिघडतो तो बऱ्याचदा आपल्याच हातून

बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर पुरुष एकदाचा तपासणीला तयार होतो. मग जिने भराभर चढून, नुकताच चहा पिऊन, फोनवर बोलता बोलता बीपी मोजून घेतो. आकडा येतो १५०/९५. त्यावर एकतर घरात घबराट उडते, नाहीतर 'मशीनच बिघडलंय' म्हणून कागद खणात जातो. तो आकडा खरा होता की नाही हे मात्र कुणालाच कळत नाही.

बीपीपासूनच सुरुवात करू, कारण ते घरी मोजता येतं आणि सगळ्यात जास्त चुकतंही तिथेच. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. मूत्राशय भरलेलं असलं तर वरचा आकडा सहज दहाने चढतो. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको. दंड छातीच्या पातळीवर टेकलेला हवा. हात खाली लोंबत असेल तर बीपी जास्त दिसतं. पट्टा उघड्या दंडावर बांधा, शर्टाच्या बाहीवरून नाही.

पट्ट्याच्या मापाकडे तर कुणीच बघत नाही. नेहमीचा मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जाड किंवा व्यायामाने कमावलेल्या दंडावर तो तोकडा पडतो आणि बीपी खोटंच वाढलेलं दाखवतो. दंडाचा घेर टेपने मोजा आणि मगच पट्टा घ्या. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे कायम वापरा.

सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांकडे जायचं. अमेरिकी नियमावली १३०/८० लाच हटकते. सोबत वही न्या, कारण एकट्यादुकट्या आकड्यावर डॉक्टरही काही ठरवू शकत नाहीत. मात्र १८०/१२० च्या वर आकडा आणि जोडीला छातीत दुखणं, धाप, बोलण्यात जडपणा किंवा हातापायात कमजोरी असेल, तर सरासरीच्या भानगडीत न पडता थेट इमर्जन्सी गाठायची.

रक्ताच्या तपासण्यांत वेगळे घोळ होतात. आदल्या रात्री दारू झाली की ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात. जिममध्ये जोरदार वजनं उचलली की एसजीओटी-एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे काही दिवस चढे राहतात, आणि धडधाकट यकृत उगाच आजारी ठरतं. स्नायू कमावण्यासाठी क्रिएटिनची पावडर घेणाऱ्याचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा, वाढलेलं दिसू शकतं. म्हणून रक्त देण्याआधी काही दिवस अवजड व्यायाम थांबवा आणि काय काय घेता ते डॉक्टरांना सांगा. साखर तपासताना किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. एचबीएवनसीला, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीला, उपास लागत नाही, पण लोहाच्या कमतरतेत तो आकडा खोटा वाढू शकतो. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची पातळी सकाळी सर्वांत जास्त असते. ते दहाच्या आत, अनशापोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं. संध्याकाळच्या एका रिपोर्टवर इंजेक्शनं सुरू करणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

पीएसए ही प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची रक्ततपासणी, पण फक्त कॅन्सरची नव्हे. वयाबरोबर वाढलेली ग्रंथी किंवा लघवीतला संसर्गही हा आकडा वाढवतो. संसर्ग झाला असेल तर बरं झाल्यावर साधारण सहा आठवडे थांबा. तपासणीआधी ४८ तास वीर्यस्खलन आणि जोरदार सायकलिंग टाळा. उलटा घोळ फिनास्टेराइडचा. केस गळू नयेत म्हणून घेतलेली ही गोळी काही महिन्यांत पीएसए जवळपास निम्म्यावर आणते. म्हणजे रिपोर्टमधला २ हा प्रत्यक्षात ४ च्या जवळचा असू शकतो. केसांच्या गोळीला कुणी औषध समजत नाही, त्यामुळे ती सांगायची राहून जाते. पन्नाशीच्या आसपास ही तपासणी करायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर ती चर्चा चाळिशीतच करा.

तरुणांसाठी वेगळं. वृषणाचा कॅन्सर बहुधा १५ ते ४० या वयात होतो. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर अंगठा आणि बोटांमध्ये एकेक वृषण हलकेच फिरवून पाहा. मागच्या बाजूला लागणारी मऊ वळकटी नैसर्गिक आहे, एक वृषण थोडं खाली असणंही. न दुखणारी टणक गाठ लागली तर सोनोग्राफी करून घ्या. अचानक असह्य दुखलं तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. ते वाचवायला साधारण सहाच तास हाताशी असतात, म्हणून रात्र काढायची नाही.

आणि एक लक्षण, जे डॉक्टरांच्या दारातून न बोलताच परत येतं. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे आत चरबी साठू लागली की अडचण अनेकदा आधी तिथे जाणवते. ताठरता कमी होत चालली असेल तर बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासायला हवं. मित्राने दिलेली सिल्डेनाफिलची (व्हायग्रातलं औषध) गोळी हा त्यावरचा इलाज नाही. आणि छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी जिवावर बेतण्याइतकं खाली आणतात.