टोकन मागितलं आणि चाळीसातले तीन उरले : माझा अनुभव

माझं डोंबिवलीत वाद्यांचं छोटं दुकान आहे. गेल्या वर्षी मनात घेतलं की लॅपटॉपशिवाय चालणाऱ्या म्युझिक प्रोडक्शनच्या मशीन ठेवायच्या, म्हणजे अकाई कंपनीची एमपीसी वगैरे, सॅम्पलिंग (आवाज रेकॉर्ड करून पॅडवर वाजवणं), बीट, मिक्सिंग सगळं एकाच डब्यात. पण एवढे पैसे मालात अडकवायचे तर आधी गिऱ्हाईक खरंच आहे का बघायला नको?

बीट बनवणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, चाळीसेक जणांचं लगेच 'दादा मला एक ठेव'. आठवड्याने म्हटलं पाच हजार टोकन द्या, नको वाटलं तर परत देतो. तिघे आले. त्यातल्या एकाने चौथ्या दिवशी परत मागितले, दिले.

मग एक एमपीसी वन स्वतःच्या पैशाने आणून काउंटरवर ठेवली आणि नुसतं बघत बसलो. पोरं यायची, सोळा पॅड बडवायची, खूश व्हायची आणि जाताना हमखास एकच प्रश्न, यात लॅपटॉपवरच्या एफएल सॉफ्टवेअरची फाइल उघडते का? नाही म्हटलं की चेहरा पडायचा. तेव्हा मला पुश 3 या तशाच पॅडवाल्या मशीनचं गणित कळलं. एबलटन कंपनीने 2023 ला ती दोन प्रकारात आणली, कॉम्प्युटरला जोडून चालणारी 999 डॉलरला आणि आतच कॉम्प्युटर असलेली 1,999 ला, म्हणजे लॅपटॉप नको एवढ्या एका सोयीचे हजार डॉलर. माझ्या पोरांकडे लॅपटॉप आधीच आहे, त्यात सगळी गाणी आहेत, ते हे पैसे का मोजतील? आवड खरी आहे त्यांची, पण आवड म्हणजे मागणी नाही. अशा मशीनच्या सेकंडहँडच्या जाहिराती पण रोज वहीत लिहायचो, एक मशीन दोन महिने तशीच पडून, किंमत तीनदा उतरवली तरी.

सोडून देणार होतो, तेवढ्यात एका बेंजो पार्टीचे दादा ऑक्टोपॅडची वायर घ्यायला आले. त्यांनी पॅड वाजवले नाहीत, मशीन उलटी करून मागच्या पिना बघितल्या आणि विचारलं, "शेठ, जनरेटर बंद पडला तर?" एमपीसी वनला आत बॅटरी नाही, लाइट गेली की मशीन बंद, परत चालू करून प्रोजेक्ट लोड करायचा. ते म्हणाले मिरवणुकीत एवढा वेळ कोण थांबणार, नाचणारी पब्लिक निघून जाते. मी त्यांच्या प्रॅक्टिसला गेलो तर टेम्पोत लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, वर गुलालाचा थर, की दाबली तर करकर वाजत होती. लॅपटॉप खरंच नकोय असा माणूस मला तिथे भेटला. त्यांनी ढोलकी, हलगी, ताशाचे स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज पेन ड्राइव्हवर आणून दिले, हे पॅडवर बसवून दाखवा म्हणाले, आणि न मागता दहा हजार ठेवले.

त्यांच्या ओळखीने अजून पाच पार्ट्यांना भेटलो. गणपतीआधी बॅटरीवाल्या दोन एमपीसी लाइव्ह मागवल्या, दोन्हीचे निम्मे पैसे आधी घेऊन. वन अजून काउंटरवरच आहे, पोरं संध्याकाळी येऊन वाजवतात, मी वाजवू देतो.