लेव्हल केलेली हायलक्स आणि मागे घेताना घासणारा टायर

गाडी टोयोटा हायलक्स, नाशिकजवळच्या एका द्राक्षबागाईतदाराची. कंपनीतून आलेला टायर २६५/६० आर १८, व्यास ७७५ मिमी. पुढून बसकी दिसते म्हणून मालकाने स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब) सुमारे २० मिमीचा स्पेसर टाकून पुढचा भाग मागच्याच्या रेषेत आणलेला. स्ट्रट खालच्या आर्मला, म्हणजे चाक चेसिसला जोडणाऱ्या दांड्याला, मध्यावर धरतो, त्यामुळे २० मिमीचा स्पेसर चाकापाशी जवळपास दुप्पट, म्हणजे ४० मिमी दिसतो. त्यावर २८५/७० आर १७ चे ऑल-टेरेन टायर आणि ९ इंच रुंद, ईटी ० चे अलॉय रिम. ईटी म्हणजे ऑफसेट, मिमीमध्ये; तो आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर. हे सगळं दुसऱ्या दुकानातून घेतलेलं. माझ्याकडे फक्त अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि "घासतोय का बघा" एवढंच काम होतं.

मी बघितलं. सपाट फरशीवर स्टेअरिंग दोन्हीकडे फुल लॉकपर्यंत, म्हणजे अगदी टोकापर्यंत फिरवलं. सगळ्यात कमी जागा डाव्या चाकामागे, केबिन जिथे चेसिसवर बसते त्या ब्रॅकेटपाशी होती : ६ मिमी. घासत नाही, असं मी सांगितलं.

आठवड्याने फोन आला. "भाऊ, बागेतून मागे घेताना कर्रर्र आवाज येतो. रोडवर काही नाही."

गाडी लिफ्टवर घेतल्यावर डाव्या ब्रॅकेटची कड रबराने काळी चकचकीत झालेली दिसली. टायरच्या खांद्यावरचे दोन ठोकळे सोललेले होते आणि आतल्या प्लास्टिक लाइनरची एक क्लिप तुटलेली. ओल्या बांधावरून फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, हळू गिअर), फुल लॉक देऊन, रिव्हर्स. तिथे ते ६ मिमी कुठे गेले, तो हिशेब मी अजून डोक्यात चालवतोय.

पहिली गोष्ट, लेव्हल किट, म्हणजे तो स्पेसर, जागा देत नाही. उभ्या गाडीत मडगार्ड आणि टायरमधली फट वाढते, फोटोत छान दिसते. पण खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दाबलं की खालचा आर्म चेसिसवरच्या बंप स्टॉपवर (शेवटचा रबरी अडथळा) टेकतो, आणि तो स्टॉप किट टाकल्यावर हलत नाही. दाबलेल्या अवस्थेत चाक पूर्वी जिथे पोचायचं तिथेच पोचतं. म्हणजे टायरची निवड उभ्या उंचीवर करायचीच नाही.

दुसरी गोष्ट बुशची. फोर-व्हीलमध्ये रिव्हर्स घेताना पुढची चाकं गाडीला मागे ढकलतात, म्हणजे जमीन चाकाला मागे ढकलते आणि आर्मच्या सांध्यातले रबरी बुश तेवढे मागे दबतात. पुढे जाताना जोरात ब्रेक मारला तरी तसंच. चाक मागे सरकतं ते थेट केबिनच्या ब्रॅकेटकडे. फरशीवर हे कधीच दिसत नाही.

तिसरी गोष्ट ऑफसेट, आणि इथे मला त्या रिम विकणाऱ्यांचा राग येतो. "चाक बाहेर काढा, घासणार नाही" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो फक्त वरच्या आर्मपुरता खरा आहे. मूळ रिम ७.५ इंच, ईटी ३०. ९ इंच ईटी ० टाकल्यावर आतली कड आर्मपासून ११ मिमी दूर गेली, पण बाहेरची कड ४९ मिमी बाहेर आली. चाक वळताना आता मोठ्या कमानीत फिरतं, आणि त्या कमानीचं एक टोक पुढे बंपरच्या कोपऱ्याशी येतं, दुसरं मागे ब्रॅकेटशी. जागा मिळाली तिथे नको होती, गेली तिथे हवी होती.

मग आम्ही नीट केलं. स्ट्रट उतरवला, कॉम्प्रेसर लावून कॉइल स्प्रिंग काढली, नुसता शॉक परत जोडला. जॅकने खालचा आर्म बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर घेतला. टायरच्या खांद्याला खडू फासून स्टेअरिंग हळूहळू फिरवलं. फुल लॉकच्या जरा अलीकडेच खडू ब्रॅकेटवर उमटला.

मालकाचा पहिला प्रश्न होता, "ब्रॅकेट कापून वेल्ड करता येईल का?" परदेशात हे लोक करतात. मी करत नाही. तो चेसिसचा भाग आहे, केबिनचं वजन पेलतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल कडक आहे.

शेवटी २६५/७० आर १७ घेतले, व्यास ८०३ मिमी, ७.५ इंच ईटी ३० च्या रिमवर. २८५/७० चा व्यास ८३१ मिमी, म्हणजे त्रिज्येत १४ मिमी वाचले आणि चाक परत आत आलं. मूळ टायरपेक्षा हा व्यास साडेतीन टक्के जास्त, स्पीडोमीटरवर ८० दिसतात तेव्हा खरे सुमारे ८३. २८५/७० वर ते जवळपास ८६ होते. पुढच्या चाकामागचं मडफ्लॅप काढलं, लाइनर क्लिपऐवजी बोल्टने मागे ओढून बसवला. स्टेपनीही त्याच मापाची घ्यायला लावली, कारण या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नाही. वेगळ्या व्यासाचं एक चाक पुढे लावून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील चालवलं तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) येतो.

अलाइनमेंटमध्ये फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत) बघून गाडी सोडणारे खूप आहेत. गाडी उचलली की कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि चाक आर्चमध्ये थोडं मागे सरकतं. खालच्या आर्मचा पुढचा कॅम (आर्मची जागा बदलणारा बोल्ट) आत आणि मागचा बाहेर घेतला की आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट पुढे जातो. त्याने कॅस्टर परत मिळतो आणि ब्रॅकेटपासून काही मिलिमीटर सुटतात. टो त्यानंतर. आणि टायरवर छापलेल्या मापाचा आकडा धरून बसू नये. रिमवर चढवून, चालवायच्या प्रेशरला हवा भरून, टेपने मोजावं. एकाच मापाचे दोन ब्रँडचे टायर रुंदीत फरक दाखवतात, आणि ऑल-टेरेनचा चौकोनी खांदा आधी लागतो.

पुन्हा स्प्रिंग काढून तपासलं. पूर्ण दाबून, फुल लॉकवर उजवीकडे १७ मिमी, डावीकडे १२. आता मी दाबलेल्या अवस्थेत किमान १० मिमी असल्याशिवाय हो म्हणत नाही.

पण टायर तेच, रिम तीच, दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा, आणि तरी ५ मिमीचा फरक. पूर्ण दाबलेल्या आर्मवर स्पेसरचा परिणाम येत नाही, म्हणजे कारण चेसिसवरच्या ब्रॅकेटमध्ये किंवा आर्मच्या बुशमध्ये असणार. गाडी पुढच्या महिन्यात टायर रोटेशनला (टायरची अदलाबदल) येईल तेव्हा दोन्ही ब्रॅकेट चेसिसच्या एकाच भोकापासून मोजणार आहे.