टपावरची पेटी

गेल्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे फ्रीमॉन्टला राहायला आली आणि आमच्या गाडीतील पाचवी जागा भरली. तोपर्यंत टाहोला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या हिमाच्या डोंगरांत, स्कीइंगसाठी जाताना मागच्या सीटचा लहान भाग आडवा पाडायचा, डिकीतून स्की, म्हणजे हिमावरून घसरायच्या लांब पट्ट्या, आत सरकवायच्या आणि उरलेल्या दोन जागांवर मुलांना बसवायचे, अशी आमची पद्धत होती. ती चांगली नव्हतीच. स्कीच्या पोलादी कडा धारदार असतात, आणि जोराचा ब्रेक लागला तर ती सगळी जुडी पुढे झेपावेल या धास्तीने मी मागच्या वर्षी संपूर्ण घाटभर मागे वळून वळून पाहत होते. आता आई येणार म्हणजे स्कींनी गाडीबाहेर जायचे, एवढे ठरले. "टाहो" हे नाव ऐकून आई आधी हसली आणि मग "तिथे जाऊन टाहो फोडायचा आहे का?" असे विचारून तिने मुलांना त्या शब्दाचा अर्थही शिकवला, तो त्यांनी पुढे सगळ्या प्रवासात वापरला.

आमची समजूत अशी होती की दुकानात जावे, एक मोठी पेटी पसंत करावी आणि गाडीवर बसवून घरी यावे. प्रत्यक्षात पेटीचा विचार सर्वांत शेवटी येतो. आधी गाडीचा टप कसा आहे ते पाहावे लागते. काही गाड्यांना दोन्ही बाजूंनी उंच, खालून मोकळे असे रेल असतात आणि पेटी ज्यांवर बसते त्या आडव्या दांड्यांचे पाय त्यांना सहज आवळता येतात. काहींचे रेल छताला चिकटलेले असतात, तर काहींच्या छतात झाकणाखाली बोल्टची ठरावीक छिद्रे असतात. आमच्या गाडीला यांपैकी काहीही नव्हते, नुसता गुळगुळीत टप. अशा टपासाठी दाराच्या चौकटीत अडकणारे आकडे आणि रबरी बैठका घ्याव्या लागतात, आणि त्या प्रत्येक गाडीच्या मॉडेलनुसार, तेही कोणत्या वर्षीच्या मॉडेलनुसार, वेगळ्या असतात. म्हणजे पाय वेगळे, दांडे वेगळे, बैठकांचा संच वेगळा आणि कुलपेही वेगळी, असा चार डब्यांचा हिशेब झाला. दुकानातल्या भिंतीवर मुख्यतः दोनच नावे होती: 1942 पासूनची स्वीडनमधली थुली आणि वॉशिंग्टन राज्यातल्या गावाचे नाव लावणारी याकिमा. दोघांमध्ये मला तरी डावे-उजवे करता आले नाही. आमच्या मॉडेलच्या बैठका ज्यांच्याकडे त्या दिवशी होत्या, त्यांचे दांडे आम्ही घेतले.

पेटीऐवजी नुसते स्की धरणारे चिमटे घेण्याचा मोह मात्र बराच वेळ टिकला. दोन रबरी जबड्यांमध्ये स्की आवळायच्या, टोके मागच्या दिशेला ठेवायची म्हणजे वारा त्यांना उचलत नाही, आणि काम झाले. खर्चही पेटीच्या निम्म्याहून कमी. पण टाहोकडे जाणाऱ्या इंटरस्टेट 80 या महामार्गावर हिमवृष्टीच्या दिवसांत वाळू आणि मीठ टाकलेले असते, आणि पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारा तो राखाडी चिखल दोनशे मैल स्कींच्या बाइंडिंगमध्ये जाऊन बसतो. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा आणि पडल्यावर वेळेवर सोडून देणारा भाग. त्याच्या स्प्रिंगांमध्ये रेती नको, हे माझे ठाम मत होते. नवऱ्याचे मत खर्चाच्या बाजूने होते. शिवाय चिमट्यात स्की राहतात, पण जाकिटे, हेल्मेटे आणि आईची शालींची पिशवी राहत नाही, या मुद्द्यावर तो वाद संपला.

मग मोजमापे सुरू झाली. दुकानातला तरुण विक्रेता 18 घनफुटांच्या, म्हणजे जवळजवळ 510 लिटरच्या, एका भल्यामोठ्या पेटीची शिफारस करत होता, आणि "मोठी घेतल्याचा पस्तावा कुणालाच होत नाही" असे त्याचे म्हणणे होते. मी घरून आकडे लिहून नेले होते. गाडीची उंची 66 इंच, दांडे व पायांमुळे वाढणारी उंची साडेचार इंच, आणि त्या पेटीची 17 इंच, बेरीज साडेसत्याऐंशी. आमच्या गॅरेजचे दार सात फुटांचे, म्हणजे 84 इंच, आणि उघडल्यावरही त्याची खालची रबरी पट्टी थोडी खाली लोंबतेच. त्याहून कमी उंचीची, 12 इंचांची एक अरुंद पेटी होती. तिने बेरीज साडेब्याऐंशी होत होती. दीड इंच मोकळा राहतो म्हणून खूश व्हावे, तर गॅरेजसमोरचा उतार आठवला. पुढची चाके आत सपाट जमिनीवर आणि मागची अजून उतारावर असताना टपाचा एखादा भाग कागदावरच्या आकड्यापेक्षा वर असू शकतो. नवऱ्याने त्याच संध्याकाळी दांड्यांवर बारा इंच उंचीचे पुठ्ठ्याचे खोके बांधून गाडी अंगुळ-अंगुळ आत घेतली, मुलगा शिडीवर उभा राहून ओरडत होता, आणि खोके पट्टीला केवळ घासून आत गेले. इतका शास्त्रशुद्ध प्रयोग आमच्या घरात यापूर्वी झाला नव्हता.

लांबीचा प्रश्न त्याहून किचकट होता. नवऱ्याच्या स्की 177 सेंटिमीटरच्या, म्हणजे सत्तर इंचांच्या. पेटीवर छापलेली लांबी बहुधा बाहेरची असते आणि नाकाडाच्या निमुळतेपणात आतली जागा काही इंच कमी होते, म्हणून आतले माप विचारावे लागले. पण लांब पेटी घेतली की डिकीचे दार वर उघडताना तिच्या मागच्या टोकाला आपटण्याची भीती असते. त्यावर उपाय म्हणजे पेटी पुढे सरकवणे, पण तीही दांड्यांमधल्या अंतराने आणि पेटीच्या तळातल्या खाचांच्या लांबीने बांधलेली असते. डिकी पूर्ण उघडून, तिच्या वरच्या कडेपासून पुढच्या दांड्यापर्यंत टेप धरून घेतलेले ते एक माप आमच्या सगळ्या निवडीत सर्वांत उपयोगाचे ठरले. शेवटी सात फूट लांब, अरुंद, बारा घनफुटांची आणि दोन्ही बाजूंनी उघडणारी पेटी ठरली. एकाच बाजूने उघडणारी शंभर डॉलरने स्वस्त होती. ती का घेतली नाही, ते पुढे घाटात कळले.

वजनाचा हिशेब आईने मन लावून ऐकला. गाडीच्या पुस्तिकेत टपावरची मर्यादा 165 पौंड, म्हणजे 75 किलो, दिलेली होती, आणि त्यातच दांडे आणि रिकामी पेटी यांचेही वजन धरायचे असते, हे बरेच लोक विसरतात. दांडे 14 पौंड, पेटी 38 पौंड, उरले 113. पेटीची स्वतःची मर्यादा 110 होती, आणि गाडी, दांडे व पेटी यांत जिची मर्यादा सर्वांत कमी तिचेच ऐकायचे असते. चार जणांच्या स्की आणि पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, मिळून पंचेचाळीस पौंडांच्या आत होते, त्यामुळे काळजी नव्हती. पण सामान रचायचे कसे, यावर आईने सूत्रे हाती घेतली. तिच्या लहानपणी एसटीच्या टपावर सामान चढवणारा हमाल लोखंडी ट्रंका मधोमध ठेवी, वळकट्या कडेला सारी आणि मगच ताडपत्री ओढून सुंभ आवळी. पेटीसोबत आलेल्या कागदावरही जड वस्तू दोन दांड्यांच्या मध्ये, हलक्या दोन्ही टोकांना आणि सगळे आतल्या पट्ट्यांनी बांधून, असेच लिहिले होते. स्की तळाला तळ लावून जोडीने बांधल्या, बाइंडिंगांच्या उंचवट्यांभोवती जाकिटे कोंबली. बूट मात्र आत, पायाशी ठेवले. थंडीत प्लॅस्टिकचे कवच इतके ताठर होते की सकाळी त्यात पाय घालणे हाच एक व्यायाम होऊन बसतो.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. 680 क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेकडे, वॉलनट क्रीक ओलांडून, बेनिशियाच्या पुलावर टोल भरून, पुढे कॉर्डेलियाला इंटरस्टेट 80 लागला. पेटीची वेगमर्यादा ताशी 80 मैल होती, नवऱ्याने 65 ओलांडायचे नाही असे ठरवले होते. डेव्हिस आणि सॅक्रामेंटो यांच्या मध्ये योलो कॉजवे नावाचा सुमारे तीन मैलांचा पूल पाणथळ सपाटीवरून जातो. तिथे आडवा वारा लागला आणि गाडी किंचित कलल्यासारखी वाटली. त्याचबरोबर वरून एक लांबलचक घुमणारा सूर सुरू झाला, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर घालावी तसा. मुलांनी तत्काळ "टाहो! टाहो!" असा गजर केला. सॅक्रामेंटोत थांबून पाहिले तर दोष आमचाच होता: दांड्याच्या खाचेत बसवायची रबरी पट्टी आम्ही घाईत आखूड कापली होती आणि मधली खाच उघडीच होती. चिकटपट्टीने ती झाकली आणि सूर थांबला. थांबलोच आहोत तर पायांचे स्क्रूही पुन्हा तपासले. पहिल्या काही मैलांनंतर ते तपासायचेच असतात, आणि एक खरोखरच पाव फेरी सैल निघाला.

कोलफॅक्सपर्यंत पाऊस होता, ब्लू कॅनियनला त्याचे हिम झाले आणि नायॅकच्या आसपास चाकांना साखळ्या लावण्याच्या सक्तीची "आर-2" ही पाटी लागली. या नियमात चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली आणि हिमाचे टायर लावलेली वाहने साखळ्या न चढवता जाऊ शकतात, जवळ मात्र त्यांनाही बाळगाव्या लागतात. आमच्या गाडीची पुढची दोनच चाके ओढतात, म्हणून आम्हाला साखळ्या लावणे भाग होते. त्या साखळ्या मी, स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन, पेटीत ठेवल्या होत्या. गाडी उजव्या कडेला, डावीकडून ट्रक जात आहेत, आणि पेटी फक्त डावीकडे उघडणारी असती तर नवऱ्याला रस्त्यात उभे राहून ती उघडावी लागली असती. उजवीकडचे झाकण उघडून, दाराच्या उंबऱ्यावर उभे राहून मी स्कींखालून साखळ्या ओढून काढल्या, आणि उघड्या झाकणातून तेवढ्या वेळात बोटभर हिम आत पडले. त्यानंतर साखळ्यांची जागा डिकीत, अगदी दाराशी, अशी कायमची ठरली. पुढे ताशी 25 मैलांनी, 7,239 फुटांवरची डोनर समिट ही खिंड ओलांडून ट्रकी या गावी पोहोचायला अंधार पडला.

मुक्कामाच्या ठिकाणी तळघरातले पार्किंग होते आणि तोंडावर उंचीची पाटी: 6 फूट 8 इंच. आमची उंची 6 फूट साडेदहा. आरक्षण करताना मी झोपण्याच्या खाटा मोजल्या होत्या, हे मोजले नव्हते. गाडी रात्रभर उघड्यावर राहिली, सकाळी पेटीवर दीड फूट हिम होते आणि कुलपात बर्फ. नवरा गरम पाणी आणायला निघाला होता, पण ते तिथेच पुन्हा गोठले असते. हात स्वच्छ करायच्या अल्कोहोलच्या बाटलीतले दोन थेंब किल्लीवर घेतल्यावर कुलूप फिरले. पेटीवरचे हिम निघण्यापूर्वी पूर्ण झाडून टाकावे लागते, नाहीतर ब्रेक लागला की ते सगळे समोरच्या काचेवर येते. उंची लिहिलेली एक चिठ्ठी त्या दिवसापासून डॅशबोर्डवर चिकटवलेली आहे.

दोन दिवस पॅलिसेड्सला, म्हणजे जिथे 1960 चे हिवाळी ऑलिंपिक झाले त्या डोंगरावर, छान गेले. आईने खालच्या उपाहारगृहात काचेशी बसून सगळ्यांचे पडणे मोजले. रविवारी परतताना रस्ता कोरडा होता. एरवी महामार्गावर गॅलनला 30 मैल देणारी गाडी या सफरीत 26 वर आली. चढाचा वाटा त्यात आहेच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार मोठी, बोजड पेटी ताशी 65 ते 75 मैल वेगाला गाडीचे मायलेज 10 ते 25 टक्क्यांनी घटवते, तेव्हा आमची चपटी पेटी स्वस्तात सुटली म्हणायची. पेटी काढायला दोघांना पंधरा मिनिटे पुरली, आणि ती आता गॅरेजच्या भिंतीशी उभी आहे. तळाशी वितळलेल्या हिमाचे पाणी साचले होते आणि स्कीच्या कडांवर एका रात्रीतच तांबूस ठिपके दिसू लागले होते. आईने ते फडक्याने पुसले, आणि आवरून झाल्यावर विळीच्या पात्याला लावतात तसे बोटभर तेल सगळ्या आठही स्कींच्या कडांवरून फिरवून ठेवले.