तुम्ही विचारलंत म्हणून: भूगोलच का?

"दहावीला एवढे छान मार्क, मग अकरावीत भूगोल कशाला घेतलास गं?" इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरातल्या काकूंपासून माझ्या बँकेतल्या लोकांपर्यंत सगळे हेच विचारून राहिलेत, इतकी वर्षं झाली तरी. तर एकदाचं सांगते.

यूपीएससीसाठी नाही. सोपा म्हणूनही नाही, टोपोशीटवरच्या, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावरच्या, २०-२० मीटरच्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा वाचून बघा, मग बोलू. आवडला म्हणून घेतला, बस. पण हे उत्तर कोणाला पुरतच नाही.

त्या वर्षी गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, मी आरतीचं तबक घेऊन उभी आणि बाबा माझ्याकडे न बघता एका काकांना म्हणाले, "हिने मॅथ्स घेतलंय." काका म्हणाले वा वा, मग आयआयटी का? आणि मी म्हणाले, हो. बाबांचा राग तेव्हाच आला होता, पण ते 'हो' माझं होतं ना, त्याचं काय करू? मान खाली घालून सगळ्यांपुढे तबक फिरवत राहिले.

रात्री नळाला नर्मदा आली, मोटार लावली आणि बादल्या भरता भरता मी चिडून बोलायलाच लागले. की बाबा, हे पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून पंपांनी विंध्य चढून येतं, १९७८पासून, आपण ५५० मीटर उंचीवर बसलोय म्हणून. नर्मदेतच राहिलं असतं तर खंभातच्या आखातात गेलं असतं. आता आपण भांडी घासून सोडलं की खान नदीत, मग क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा, म्हणजे थेट बंगालच्या उपसागरात. आपल्या मोरीत समुद्र बदलतो!

बाबा जरा थांबले. "हे पुस्तकात आहे?" म्हटलं नाही, नकाशा बघून मीच जोडलं. ते म्हणाले, "मोटार बंद कर, टाकी वाहतेय."

पुढे बँकेत लागले, तिथे समोच्च रेषा कोणी विचारत नाही, मान्य. मॅथ्स घेतलं असतं तर बरं झालं असतं का? कधीकधी वाटतं. तेव्हाची मी हे ऐकून भांडली असती, आणि तिचंही चुकीचं नव्हतं.

बाबांनी त्या काकांना खरं अजून सांगितलेलं नाही. मीही नाही. मागच्या महिन्यात ते लग्नात भेटले, म्हणाले, "तू मॅथ्सवाली ना?" मी श्रीखंड वाढून घेतलं.