जागची न हलणारी सुई

गाडीचा वेग वाढत चालला आहे आणि इंजिनाचा आवाज मात्र एकाच पट्टीत लागून राहिला आहे, हा अनुभव सीव्हीटी, म्हणजे ठरावीक टप्प्यांऐवजी सलग बदलत जाणाऱ्या, गिअरबॉक्सच्या गाडीत पहिल्यांदा बसणाऱ्याला थोडा खटकतोच. एखादे वाहन ओलांडण्यासाठी ॲक्सिलरेटर जोरात दाबावा, तर टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनाच्या मिनिटागणिक फेऱ्या दाखवणारी, सुई झटकन चार-पाच हजारांवर जाते आणि तिथेच ठाण मांडून बसते. शेजारची वेगाची सुई तेवढी बिनबोभाट वर सरकत असते. आपले कान तयार झाले ते गिअर बदलणाऱ्या गाड्यांवर. आवाज चढणार, मग गिअर पडताच उतरणार आणि पुन्हा चढणार, ही चाल इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यावाचूनचा वेग आपल्याला वेग वाटतच नाही. मग ‘गाडी नुसती ओरडते, पळत नाही’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. मला स्वतःला ही तक्रार गाडीपेक्षा कानाची अधिक वाटते.

इंजिन हा मुळात आपल्या तब्येतीला जपणारा प्राणी आहे. एका ठरावीक फेऱ्यांच्या आसपास ते सर्वांत कमी इंधनात काम करते आणि दुसऱ्या, बऱ्याच वरच्या फेऱ्यांवर त्याची पूर्ण ताकद मिळते. चाकांना मात्र शून्यापासून महामार्गाच्या वेगापर्यंत सगळेच हवे असते. पाच-सहा गिअरांची पेटी या दोघांत तडजोड घडवते खरी, पण ती ठोक हिशेबाची तडजोड असते: हव्या त्या फेऱ्या एका गिअरमध्ये क्षणभर लाभतात आणि लगेच मागे पडतात. सीव्हीटीत हे मधले टप्पेच नसल्यामुळे, चाके कितीही वेगाने फिरत असली तरी इंजिनाला त्या क्षणी सोयीच्या असलेल्या फेऱ्यांवर ठेवता येते. म्हणजे सुई जागची हलत नाही तेव्हा यंत्रणा अडलेली नसते. तिचे काम चोख चाललेले असते.

हे साधते कसे, ते पाहिले की तिच्या साधेपणाचे आश्चर्य वाटते. दोन पुल्या आणि त्यांच्यावरून फिरणारा एक पट्टा, एवढाच तिचा गाभा. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन शंक्वाकार तबकड्या, आणि त्यांतली एक तेलाच्या दाबाने पुढेमागे सरकू शकते. गाडी निघताना इंजिनाकडच्या पुलीच्या तबकड्या दूर असतात, त्यामुळे पट्टा खोल, आसाजवळ बसून लहान वर्तुळात फिरतो. चाकांकडच्या पुलीत तो कडेपाशी, मोठ्या वर्तुळात असतो. वेग वाढू लागला की पहिलीच्या तबकड्या जवळ येऊन पट्ट्याला वर चढवतात आणि दुसरीच्या तेवढ्याच बेताने दूर होऊन त्याला आत उतरू देतात. पट्ट्याची लांबी कायम असल्यामुळे एकीकडे वाढ झाली की दुसरीकडे घट ठरलेलीच. इंजिनाच्या आणि चाकांच्या फेऱ्यांच्या सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या गुणोत्तरांत सुमारे सहा-सात पटींचे अंतर असते, आणि त्यांच्या मधला कोणताही बिंदू उपलब्ध असतो.

डच अभियंते हुब व्हान डोर्न यांच्या डाफ कंपनीने 1958 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात अशी छोटी मोटार मांडली, तेव्हा तिचे पट्टे रबराचे होते. गिअरलेस स्कूटरच्या पोटात तीच कल्पना आजही फिरते आहे. त्या डाफ गाड्यांची एक गंमत अशी की त्या मागेही पुढच्याइतक्याच वेगाने धावू शकत, आणि नेदरलँड्समध्ये त्यांच्या चक्क उलट्या शर्यती भरत. मोठ्या इंजिनाचा जोर मात्र रबराला झेपणारा नव्हता. त्यावर व्हान डोर्न यांनी काढलेला तोडगा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. त्यांचा नवा पट्टा पोलादाचा होता: जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचे, चारशेच्या आसपास तुकडे एकमेकांना खेटून उभे, आणि त्यांच्या दोन्ही खाचांतून ओवलेल्या, कागदासारख्या पातळ पोलादी कड्यांच्या थप्प्या. दोरीने ओढता येते, ढकलता येत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. हा पट्टा मात्र ढकलतो. इंजिनाकडच्या पुलीतून बाहेर पडणारा प्रत्येक तुकडा पुढच्याला रेटतो आणि तो रेटा दुसऱ्या पुलीपर्यंत पोहोचतो. कड्यांचे काम रांग मोडू न देण्याचे. 1980 च्या दशकात हा पट्टा मोटारींत आला आणि सीव्हीटीला खऱ्या अर्थाने दिवस आले.

पट्टा आणि पुली यांच्यात दाते नसतात, सगळी भिस्त घर्षणावर असते, आणि खरी नाजूक बाब हीच आहे. तबकड्यांची पकड कमी पडली तर पट्टा घसरून पोलादावर ओरखडे उठतात. गरजेपेक्षा जास्त झाली तर तो दाब निर्माण करणाऱ्या पंपातच शक्ती खर्च होते, आणि इंजिनाने वाचवलेल्या इंधनाचा काही वाटा गिअरबॉक्स परत खाऊन टाकतो. तेलही असे लागते की जे झीज थांबवेल, पण पकड सुटू देणार नाही. त्यामुळे निर्मात्याने सांगितलेल्या सीव्हीटी तेलाऐवजी दुसरे काहीतरी ओतणे हा काटकसरीचा नव्हे, तर पुढच्या मोठ्या खर्चाचा मार्ग आहे.

शर्यतीच्या जगाने या यंत्राची ताकद वेळीच ओळखली होती. 1993 मध्ये विल्यम्स संघाने आपल्या फॉर्म्युला वन गाडीत सीव्हीटी बसवून चाचणी घेतली. डेव्हिड कुल्टहार्डने चालवलेली ती गाडी वळणांवरही जवळजवळ एकाच सुरात गुरगुरत असे. पुढच्या हंगामाच्या नियमांत अशा गिअरबॉक्सला जागाच उरली नाही. घरगुती गाड्यांत बंदी आली नाही, पण कानांचे लाड पुरवावे लागलेच. अनेक निर्मात्यांनी संगणकाकरवी पुलीला ठरावीक जागी थांबवून नकली टप्पे तयार केले, म्हणजे जोरात दाबताच आवाज चढतो, उतरतो आणि चालकाचे समाधान होते. ज्या यंत्राची सारी मातब्बरी टप्पे नसण्यात आहे, त्याला टप्प्यांचे सोंग घ्यायला लावणे मला पटत नाही. पण गाड्या कानांनीही विकत घेतल्या जातात, त्याला निर्माते काय करणार!

टोयोटाने 2018 मध्ये आणलेल्या सीव्हीटीत मात्र एक गिअर खराखुरा आहे. निघताना पट्टा सर्वांत लहान वर्तुळात मुडपलेला असतो आणि तिथेच त्याची कार्यक्षमता खालावते. म्हणून सुरुवातीचा ओढा दात्यांच्या साध्या गिअरने घ्यायचा आणि गाडीने थोडा वेग धरला की काम पट्ट्याकडे सोपवायचे, अशी ही व्यवस्था आहे. हा गिअर कोणाच्या कानासाठी बसवलेला नाही, तेव्हा त्याच्याबद्दल माझी काहीच हरकत नाही.