सर, तुम्ही का उभं राहत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून रंकाळ्यावर फिरायला गेलो की कुणीतरी जुना विद्यार्थी, नाहीतर संघटनेतला सहकारी हटकतोच: "सर, शिक्षक आमदारकीला उभं राहायचं की! सगळी ओळखतात तुम्हाला."

सगळी म्हणजे कोल्हापुरातली. शिक्षक आमदार म्हणजे शिक्षकांनी मत देऊन विधान परिषदेत पाठवलेला आमदार. आमच्या पुणे शिक्षक मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. जुन्नरपासून चंदगडपर्यंत, गगनबावड्यापासून अक्कलकोटपर्यंत शाळा. अनामत रक्कम १०,००० रुपये, ती पेन्शनमधून भरेन. बाकीच्या खर्चावर स्टाफरूममध्ये दार लावून बोलतात, तेव्हा इथे नको.

माझी खरी अडचण मतदारयादीपाशी आहे. मागच्या ६ वर्षांत मिळून किमान ३ वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलं असेल, तरच मत. वाडीवरच्या शाळेत पोरांकडून पहिली अक्षरं गिरवून घेणाऱ्या प्राथमिकच्या गुरुजींना ते नाही. उमेदवार मात्र शिक्षकच हवा अशी अट नाही! वयाची ३० वर्षं पूर्ण आणि राज्यात मतदार, एवढं पुरे. आणि पालक? त्यांच्या मताचा तर प्रश्नच येत नाही.

मग निवडून गेलेला माणूस कुणाचं बोलणार? जुनी पेन्शन, टप्पा अनुदान (शाळेला टप्प्याटप्प्यानं मिळणारं), शालार्थ आयडी (पगारासाठी लागणारा ऑनलाइन क्रमांक), संचमान्यता (पटावरून ठरणारी शिक्षकांची पदं), अडकलेली मेडिकल बिलं. हे प्रश्न खोटे नाहीत. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला आणि नंतर लागलेला, दोघं एकाच वर्गावर तास घेतात. पेन्शनचे नियम वेगळे, म्हणून म्हातारपण मात्र वेगवेगळं. विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवून सुट्टीत दुसऱ्याच्या रानात कामाला जाणारे मास्तर मी पाहिलेत. त्यांच्यासाठी विधान परिषदेत कुणीतरी भांडलंच पाहिजे. पण आठवीत आलेल्या ज्या पोराला धड वाचता येत नाही, ज्या मुलीची गावाकडची एसटी बंद झाली म्हणून शाळा सुटली, त्यांच्याबद्दल बोलून या मतदारसंघात एक मत वाढत नाही. आमदार वाईट असतो म्हणून नव्हे, यादीच तशी आहे.

यावर लोक मला एन. डी. पाटील सरांचं उदाहरण देतात. साताऱ्यात प्राध्यापक, इस्लामपूरला प्राचार्य, पुढे सहकारमंत्री, १९८५ ला कोल्हापूरचे आमदार. बरोबर. पण एन. डी. सरांना विधिमंडळात नेलं ते शेकापनं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षानं, आणि शेतकऱ्यांच्या मोर्चांनी. प्राध्यापकी नसती, तरी ते तिथे पोचले असते असं मला वाटतं.

मला त्यापेक्षा गोपाळ कृष्ण गोखले आठवतात. आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेले, फर्ग्युसनमध्ये शिकवत असतानाच १८९९ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गेले. पुढे व्हाइसरॉयच्या केंद्रीय कायदेमंडळात १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ज्या पोरांसाठी मांडलं त्यांना मत नव्हतं, त्यांच्या बापांनाही नव्हतं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यासाठी महाराजांना कुणाकडे मतं मागावी लागली नाहीत, हेही खरंच. त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

मला सभागृहात जे बोलावंसं वाटतं, त्याला मत देणारे या यादीत नाहीत. ज्यांना मत आहे त्यांचं बोलणारे माझ्यापेक्षा तयारीचे लोक आहेत. जीआर तोंडपाठ, मंत्रालयातला मजला न् मजला ठाऊक. त्यांनी जावं. मी पहिल्या पसंतीचं मत देईन.

उभं राहा म्हणणाऱ्या सहकाऱ्याला मी उलट विचारतो, "तू फॉर्म १९, म्हणजे शिक्षक मतदारयादीत नाव घालायचा अर्ज, भरलास का?" ही यादी दर निवडणुकीला नव्यानं होते, मागच्या वेळचं नाव चालत नाही. बरेचजण तिथेच घड्याळ बघायला लागतात.